कागद कोणते दाखवायचे, हे तुम्ही ठरवायचं

वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतली नोकरी आणि आय-९ फॉर्म

अमेरिकेत नोकरी लागली की पहिल्याच दिवशी आय-९ नावाचा फॉर्म समोर येतो. या माणसाला या देशात काम करायची कायदेशीर परवानगी आहे, हे कंपनीनं मूळ कागद बघून नोंदवायचं, एवढ्यासाठीच तो असतो. कायदा १९८६चा. ६ नोव्हेंबर १९८६ नंतर पगारावर घेतलेल्या प्रत्येक माणसाचा हा फॉर्म लागतो, मग तो इथेच जन्मलेला असो की गेल्या आठवड्यात मुंबईहून उतरलेला. मी मध्य न्यू जर्सीतल्या एका कंपनीत नोकरभरतीचं काम करते, त्यामुळे हा फॉर्म रोज हाताखालून जातो. या वेळची बहुतेक पत्रं त्याच्याबद्दलच आहेत, आणि बऱ्याच पत्रांत भीती आहे. त्या भीतीपायी आपली माणसं नको ते कागद देऊन बसतात किंवा चांगली नोकरी सोडून देतात. म्हणून या अंकात दुसरा विषय घेतलेला नाही.

प्रश्न : ताई, मी एच-४वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आहे. मुलं लहान होती म्हणून बरीच वर्षं घरीच होते. आता ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड, आलं आणि एका ठिकाणी अकाउंट्समध्ये नोकरीही मिळाली. त्यांच्या एचआरचा ईमेल आलाय : ईएडी, पासपोर्ट, व्हिसाचं पान, आय-९४ (देशात आल्याची नोंद), सोशल सिक्युरिटी कार्ड आणि नवऱ्याच्या एच-१बीची अप्रूव्हल नोटीस, सगळ्याच्या कॉपी पाठवा. शिवाय फोनवर म्हणाले, "कार्ड पुढच्या वर्षीच संपतंय, जरा विचार करावा लागेल." हे सगळं द्यावंच लागतं का? नाही म्हटलं तर नोकरी जाईल याची धास्ती वाटते. (प्लेन्सबरो)

उत्तर : नाही, द्यावं लागत नाही. आय-९साठी तुमचं ईएडी कार्ड एकटं पुरतं.

फॉर्मच्या दुसऱ्या पानावर मान्य कागदांच्या तीन याद्या आहेत. लिस्ट एमधला कागद ओळख आणि कामाची परवानगी दोन्ही सिद्ध करतो : अमेरिकन पासपोर्ट, ग्रीन कार्ड, ईएडी वगैरे. लिस्ट बीमधला फक्त ओळख सांगतो, उदाहरणार्थ ड्रायव्हिंग लायसन्स. लिस्ट सीमधला फक्त परवानगी, उदाहरणार्थ कुठलीही अट न छापलेलं सोशल सिक्युरिटी कार्ड. एमधला एक दाखवा, नाहीतर बी आणि सी मिळून दोन. निवड कर्मचाऱ्याची. कंपनीनं यादी समोर ठेवायची आणि मुदतीतला जो मान्य कागद तुम्ही द्याल तो बघायचा. तो वरवर पाहता खरा वाटतो आणि तुमचाच आहे, एवढं दिसलं की तिनं तो स्वीकारायचा. तुमच्या सोशल सिक्युरिटी कार्डावर बहुधा 'डीएचएसच्या (गृहसुरक्षा खात्याच्या) परवानगीसोबतच कामासाठी वैध' अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापलेली असेल. तसं कार्ड लिस्ट सीमध्ये चालत नाही, त्यामुळे तुमचा खरा कागद ईएडीच आहे. त्यावर कॅटेगरीच्या जागी सी२६ असं लिहिलेलं दिसेल. तो एच-४चा कोड आहे. नवऱ्याच्या नोटिशीचा या फॉर्मशी काहीही संबंध नाही. तुमचा अर्ज मंजूर करताना सरकारनं ती तपासलेली आहे.

माझ्या टेबलासमोर बसणारी आपली मुलं-मुली जवळजवळ सगळी एकच करतात. प्लास्टिकचं फोल्डर पुढे सरकवतात. त्यात नवा पासपोर्ट असतो, जुना असतो, डिग्री असते, दहावीचं मार्कशीट असतं, आधार कार्डसुद्धा असतं. "मॅडम, काय हवं ते घ्या." मी फोल्डर परत त्यांच्याकडे सरकवते, फॉर्मचं दुसरं पान वर ठेवते आणि सांगते, यादी वाचा, आणि जे दाखवायचं ते तुम्हीच काढून द्या. आपल्याकडच्या खिडकीवर एक झेरॉक्स कमी पडली की माणूस परत पाठवला जातो, म्हणून आपण सगळंच बरोबर नेतो. तो अनुभव खोटा नाही. पण इथे जास्तीचे कागद पुढे केले की समोरच्यालाही वाटायला लागतं की परदेशी माणसाकडून एवढं घ्यायचंच असतं, आणि पुढच्या मुलीकडे तो तेवढंच मागतो.

ईमेलला साधं, नम्र उत्तर लिहा : "आय-९च्या लिस्ट एमधलं माझं मूळ ईएडी कार्ड मी वेळेत दाखवेन." बस. पगार आणि करासाठी सोशल सिक्युरिटी नंबर मागतील, तो जरूर द्या. नंबर देणं वेगळं आणि आय-९साठी कार्ड दाखव म्हणणं वेगळं. नव्वद टक्के ठिकाणी मागणारा माणूस वाईट नसतो, त्याला कुणी शिकवलेलं नसतं. तरीही अडूनच बसले, तर न्याय खात्याच्या नागरी हक्क विभागात 'इमिग्रंट अँड एम्प्लॉयी राइट्स सेक्शन' नावाची शाखा आहे. तिच्या हेल्पलाइनवर नाव न सांगताही विचारता येतं. लेखी तक्रार करायची तर १८० दिवसांच्या आत.

कार्ड पुढच्या वर्षी संपतंय म्हणून आज नोकरी नाकारणं हेही भेदभावाच्या कायद्यात येऊ शकतं. आज कार्ड वैध आहे, आजचा प्रश्न तेवढाच. मात्र पुढच्या वर्षीची काळजी तुम्ही स्वतः घ्यायला हवी. ईएडी संपलं की कंपनीला पुन्हा तपासणी करावी लागते, आणि त्या दिवशी हातात वैध कागद नसेल तर तिला तुमचं काम थांबवावं लागतं. पूर्वी वेळेत अर्ज केला की बऱ्याच प्रकारांत जुन्या कार्डाची मुदत आपोआप वाढायची. ३० ऑक्टोबर २०२५पासून केलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना बहुतेक प्रकारांत ती सोय राहिलेली नाही, आणि एच-४ त्यात आलं. मुदत संपायच्या १८० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. तो पहिला दिवस कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा आणि एक आठवडाही वाया घालवू नका.

प्रश्न : सा. न. चिरंजीव टेक्सासमध्ये एमएस झाले. नोकरी मिळाली आहे, सोमवारी हजर व्हायचं आहे. ओपीटीचं, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ काम करायच्या परवानगीचं, कार्ड अजून आलेलं नाही, पण अर्जाची पावती आली आहे. पावतीवर कामाला लागता येईल का? त्याच्या मित्रांच्या ओळखीतली एक कन्सल्टन्सी म्हणते, "आमचं ऑफर लेटर घ्या, बेकारीचे दिवस मोजायचे थांबतील, पगाराचं नंतर बघू." (कोल्हापूर)

उत्तर : काका, पहिल्या अर्जाच्या पावतीवर काम सुरू करता येत नाही. पावती चालते ती कार्ड हरवलं, चोरीला गेलं किंवा खराब झालं आणि त्याच्या बदलीसाठी अर्ज केला तर, आणि तीसुद्धा ९० दिवसांपुरती. चिरंजीवांचं कार्ड हातात यायला हवं आणि त्यावरची सुरुवातीची तारीख उजाडलेली हवी. त्याआधी 'नुसतं ट्रेनिंगला बसतो', 'लॅपटॉप तेवढा घेऊन येतो' असंही नको. त्यानं आजच कंपनीला लिहावं की कार्ड येईपर्यंत रुजू व्हायची तारीख पुढे ढकला. ही विनंती आम्हाला नेहमी येते आणि बहुतेक कंपन्या मान्य करतात.

कन्सल्टन्सीचं ऐकू नका. ओपीटीत ९० दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही, हे खरं. ती मोजणी कार्डावरच्या सुरुवातीच्या तारखेपासून होते. पण जिथे कामच नाही तिथलं नाव सरकारी नोंदीत घालणं म्हणजे खोटी माहिती देणं, आणि ती पुढे एच-१बीच्या वेळी, ग्रीन कार्डाच्या वेळी समोर येते. अशा नोंदींमुळे व्हिसा गमावलेल्या मुलांना मी भेटले आहे. त्यांच्या आईवडिलांनीही कर्ज काढूनच पाठवलेलं होतं.

आणखी एक. पुढे त्याला स्टेम ओपीटीचे, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणित शिकलेल्यांना मिळणारे जादा, २४ महिने हवे असतील, तर कंपनी ई-व्हेरिफायमध्ये नोंदलेली असावीच लागते. आय-९ सगळ्यांना सक्तीचा आहे. ई-व्हेरिफाय म्हणजे त्या फॉर्ममधली माहिती सरकारी नोंदींशी ऑनलाइन ताडून बघायची व्यवस्था, आणि ती सगळ्या कंपन्यांना सक्तीची नाही. त्यामुळे नोकरी स्वीकारण्याआधी हा एक प्रश्न त्यानं विचारायलाच हवा. दीड-दोन वर्षांनी कळून उपयोग नसतो.

प्रश्न : शेजारच्या मुलीला कॅलिफोर्नियातल्या कंपनीत घरून काम मिळालं. कंपनी म्हणते, ओळखीच्या कुणीतरी तिचे कागद बघून फॉर्मवर सही करावी. तिनं मला विचारलंय. मी अडकणार तर नाही ना? (पार्सिपनी)

उत्तर : नाही अडकणार, पण सही जपून करा. कंपनी आपला प्रतिनिधी म्हणून कुणालाही नेमू शकते आणि चुकांची जबाबदारी कंपनीवर राहते. तुम्ही तिच्यासमोर बसायचं, मूळ कागद हातात घेऊन बघायचे, भाग २ भरायचा आणि सही करायची. ती सही म्हणजे 'मी स्वतः पाहिले' असं शपथेवर सांगणं. तेव्हा फोनवरचा फोटो बघून सही करू नका. ई-व्हेरिफायमध्ये असलेल्या कंपन्यांना १ ऑगस्ट २०२३पासून आधी कॉपी मागवून मग व्हिडिओ कॉलवर कागद तपासायची मुभा आहे. पण ते काम कंपनीचा माणूस करतो, तुम्हाला त्यात पडायचं कारण नाही.

प्रश्न : मी इथे शिकायला आले तेव्हा माहेरच्या नावानं सोशल सिक्युरिटी कार्ड काढलं होतं. नंतर लग्न झालं, पहिलं नावही बदललं, पासपोर्ट नव्या नावाचा झाला आणि ईएडीही. नोकरीच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं बोलावून सांगितलं की ई-व्हेरिफायमध्ये 'मिसमॅच' आलाय. सगळ्यांसमोर बोलले. आता काढून टाकतील का? रात्री झोप लागत नाही. (जर्सी सिटी)

उत्तर : काढून टाकता येत नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. मिसमॅच म्हणजे तुम्ही बेकायदा आहात असा निकाल नाही. दोन सरकारी नोंदी एकमेकींशी जुळल्या नाहीत, एवढंच. कंपनीनं ही गोष्ट तुम्हाला खासगीत सांगायला हवी होती, ते त्यांचं चुकलं. त्यांनी 'फर्दर अ‍ॅक्शन नोटीस' नावाचा कागद तुमच्या हातात द्यायला हवा. तो मिळाला नसेल तर मागून घ्या. मिसमॅच मान्य नाही, मी दाद मागणार, असं त्यावर नोंदवलंत की प्रकरण पुढे पाठवलं जातं आणि संबंधित कचेरीशी संपर्क साधायला ८ सरकारी कामकाजाचे दिवस मिळतात. निकाल लागेपर्यंत तुम्हाला काढणं, पगार रोखणं, तास कमी करणं, ट्रेनिंग लांबवणं, यातलं काहीही कंपनीला करता येत नाही.

मग सोशल सिक्युरिटीच्या कचेरीत जा. नाव बदलायचा अर्ज तिथेच मिळतो. जुनं कार्ड, नवा पासपोर्ट, ईएडी आणि विवाह नोंदणीचा दाखला बरोबर न्या. दाखला मराठीत असेल तर भाषांतर करून घेतलेलं बरं. पहिल्या नावाचा बदल राजपत्रात छापून घेतला असेल तर ते पानही न्या, कारण विवाहाच्या दाखल्यावर बऱ्याचदा फक्त लग्नाआधीचंच नाव असतं आणि समोरच्या अधिकाऱ्याला दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे कुठून कळणार? ताम्हणातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं की आपल्या घरच्यांच्या लेखी काम झालेलं असतं. इथल्या कचेऱ्यांत ते प्रत्येक ठिकाणी कागदावर पोचवावं लागतं, आणि जिथे पोचलं नाही तिथे असा मिसमॅच उभा राहतो. त्याचा त्रास पुरुषांना क्वचित होतो. आपल्या लेकीसुनांना तो सतत होताना मी बघते, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. ज्यांची लग्नं ठरली आहेत त्यांना माझं सांगणं आहे : नाव बदलायचं की नाही हा तुमचा निर्णय, पण बदलणार असाल तर क्रम लावून सगळीकडे बदला.

आपल्या मधल्या नावाचाही गोंधळ असतो. पासपोर्टवर 'गिव्हन नेम' या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं येतात. समजा पासपोर्टवर 'मेघना संजय' आणि आडनाव 'कुलकर्णी' आहे. सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत 'मेघना संजय' हे पहिलं नाव धरलेलं असू शकतं, आणि फॉर्म भरताना बाई 'मेघना' लिहून मधल्या अक्षराच्या जागी 'एस' टाकते. दाखवणार असलेल्या कागदावर नाव जसं आहे तसंच लिहा. 'पूर्वीची आडनावं' असा रकाना आहे, त्यात माहेरचं आडनाव जरूर घाला. आणि जन्मतारीख! इथे महिना आधी. ४ जुलैला जन्मलेली मुलगी सवयीनं ०४/०७ लिहिते आणि ७ एप्रिलची होते. मिसमॅचची चिठ्ठी येते ती कधी कधी एवढ्याशासाठी.

ई-व्हेरिफायची 'सेल्फ चेक' नावाची फुकट सोय आहे. नोकरी शोधायला लागतानाच तिच्यात आपली माहिती घालून बघितली, तर नोंदी जुळतात की नाही ते घरबसल्या कळतं.

प्रश्न : आमचं छोटं किराणा दुकान आहे. मावसभाऊ ग्रीन कार्डावर आलाय, त्याला कामाला ठेवतोय. घरचाच माणूस, तरी फॉर्म लागतो का? (एडिसन)

उत्तर : लागतो. पगार द्यायला लागलात की घरचा-बाहेरचा असा फरक नाही. त्यानं पहिला भाग कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरायचा. तुम्ही मूळ कागद बघून दुसरा भाग कामाच्या तीन दिवसांत पुरा करायचा, म्हणजे सोमवारी लागला तर गुरुवारपर्यंत. फॉर्म सरकारकडे पाठवायचा नसतो, आपल्याकडे ठेवायचा असतो : रुजू झाल्यापासून तीन वर्षं किंवा काम सोडल्यापासून एक वर्ष, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत. तो १ जून २०२४ला लागला आणि ऑक्टोबरमध्ये सोडून गेला, तरी फॉर्म १ जून २०२७पर्यंत जपायचा. तपासणीची नोटीस आली तर हजर करायला कामाचे किमान तीन दिवस मिळतात, तेव्हा गल्ल्याखालच्या पिशवीत नको, वेगळ्या फायलीत ठेवा.

आणि सगळ्यांना एकच माप लावा. काउंटरवरच्या मेक्सिकन मुलाकडे ग्रीन कार्डच मागायचं आणि मावसभावाचं लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड चालवून घ्यायचं, असं करू नका. आपल्याला जे झालं तर मनाला लागतं, ते दुसऱ्याला करायचं नाही.

प्रश्न : वडील ग्रीन कार्डावर आहेत, एका स्टोअरमध्ये लागले. फॉर्म मी भरला आणि घाईत पहिल्या चौकोनात, 'सिटिझन' समोर खूण केली. वडिलांनी सही केली. आता नागरिकत्वाचा अर्ज करायचाय. ही खूण महत्त्वाची आहे का? (फिलाडेल्फिया)

उत्तर : फार महत्त्वाची. पत्र वाचून मी थोडा वेळ थांबलेच. फॉर्मच्या पहिल्या भागात, नागरिक, ग्रीन कार्डधारक वगैरे यांतलं आपण कोण, हे सांगायचे चार चौकोन आहेत. नागरिक नसताना नोकरीसाठी नागरिक आहे असं सांगणं, ३० सप्टेंबर १९९६पासूनच्या कायद्यानुसार, माणसाला इथे राहायला कायमचा अपात्र ठरवू शकतं, आणि त्यातून माफीची वाट जवळजवळ नाही. चूक नकळत झाली, फॉर्म दुसऱ्यानं भरला, कागद म्हणून बहुधा त्यांनी ग्रीन कार्डच दाखवलं, या सगळ्याला वजन आहे. पण ते कसं मांडायचं हे इमिग्रेशनच्या वकिलानं ठरवायला हवं. त्याच्याशी बोलल्याशिवाय नागरिकत्वाचा अर्ज पाठवू नका, आणि स्टोअरमधला फॉर्म दुरुस्त करायलाही त्याला विचारूनच जा. भेटीला जाताना आठवेल तेवढं लिहून न्या : कोणत्या दिवशी भरला, समोर कोण होतं, कोणते कागद दाखवले. दुसऱ्यासाठी पहिला भाग भरणाऱ्यानं 'सप्लिमेंट ए'वर स्वतःची सही करायची असते. तुम्ही ती केली होती का, हे वकील विचारेल.

ज्यांचे आईवडील इथे नोकरी धरतात त्या सगळ्यांना विनंती : ते चार चौकोन त्यांना मराठीत वाचून दाखवा, आणि खूण त्यांनाच करू द्या.

प्रश्न : ग्रीन कार्डाची दहा वर्षं संपली. त्याच नोकरीत आहे. एचआर म्हणतं, नवं कार्ड दाखवा नाहीतर आय-९ अपुरा. खरं का? (बॉस्टन)

उत्तर : खरं नाही. रुजू होताना कार्ड वैध होतं, तर ग्रीन कार्डधारकाची त्याच नोकरीत पुन्हा तपासणी करायची नसते. नवं कार्ड तुमच्या स्वतःच्या प्रवासासाठी आणि कायद्यासाठी जरूर काढा, पण एचआरसाठी धावपळ नको.